रेशमी पुरचुंडीतले संत

हौसाकाकीच्या आतल्या खोलीत बांगड्या फुटल्या, तेव्हा मी बाहेर ओसरीवर मान खाली घालून बसलो होतो. काकीचा मुलगा केरबा, त्याच्या बायकोचे, सुंदराचे, हात त्या दिवशी माझ्या शब्दावर रिकामे झाले. "मी स्वतः अग्नी दिला, काकी," असे मी सांगितले होते आणि पिशवीतून लाल रेशमाची एक पुरचुंडी काढून म्हातारीच्या ओंजळीत ठेवली होती. केरबाला मी अग्नी दिला नव्हता. त्याचे प्रेतही मी पाहिले नव्हते. पुरचुंडीत हाडे होती हे खरे, पण ती त्याची नव्हती. देव आहे आणि तो बघतो, असे मी लहानपणापासून मानत आलो होतो. त्या दुपारी प्रथमच मनात आले, की तो नसलेलाच बरा.

मी कुंडलजवळच्या एका खेड्यातला. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. भरतीच्या साहेबाला मी वय पाच वर्षांनी कमी सांगितले. माझे खोटे तिथूनच सुरू झाले म्हणा. हाताला स्वयंपाक येत होता म्हणून मला लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, घेतले. केरबा आमच्याच गल्लीतला, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मला तात्या म्हणे. त्याला भरतीला मीच नेले आणि लंगरात माझ्या हाताखाली घ्यायलाही मीच लावले. निघताना ताकारी स्टेशनावर हौसाकाकी चारचौघांत म्हणाली होती, "तात्याच्या संगट हाय, मग मला घोर न्हाई." हे वाक्य मी आगबोटीतून इटलीपर्यंत बरोबर नेले. पुढे ते फार जड झाले.

इटलीत डोंगरावरच्या एका गावात आमचा तळ पडला. गावातली माणसे पळून गेली होती आणि देऊळ, म्हणजे त्यांचे चर्च, तोफांनी अर्धे पाडले होते. शंभर माणसांच्या देगी चढवायच्या तर चुलाणाला सारख्या उंचीचे भक्कम दगड लागतात. मी आणि केरबा दगड शोधत त्या पडक्या चर्चात शिरलो. आत एक मोठा दगडी ओटा दुभंगून पडला होता. त्याचा एक तुकडा पहारीने उलटा केला तर त्याच्या पोटात विटेएवढा चौकोनी खळगा कोरलेला, आणि त्यात शिशाची एक डबी. डबी चेपून उघडली होती. आत लाल रेशमाची पुरचुंडी, वर दोरा आणि लाखेची फुटकी मोहोर. केरबाने ती अलगद सोडली. हाडाचे तीन लहान तुकडे होते आणि चामड्यासारखी एक अरुंद पट्टी, तिच्यावर पुसट अक्षरे.

आमच्याकडे माणसाची रक्षा सावडली की नदीला नेईपर्यंत ती घरात घेत नाहीत. फडक्यात बांधून झाडाला टांगतात. त्यामुळे आम्हा दोघांच्या मनात एकच आले. केरबा म्हणाला, "तात्या, कुणाची तरी रक्षा दिसतीया. बिचाऱ्याची नदीत सोडायची ऱ्हायली बगा. घरची मानसं पळाली, आन ह्यो हितंच अडाकला."

"मग आपण सोडू की खालच्या ओढ्यात."

"ओढ्यात? आवं, कुणाच्या तरी आईचा ल्योक हाय त्यो. घरी जाताना घिऊन जाऊ. आपल्या कृष्णेत सोडू. ती कुणाला न्हाई म्हनत न्हाई."

मला ते इतके पटले की डोळे भरून आले. परक्या मुलुखात आपण एका बेवारस जीवाची सोय लावतो आहोत, याचा मला अभिमानही वाटला. तो दगड मी चुलाणाला लावला, पुरचुंडी माझ्या पिशवीत गेली आणि त्या संध्याकाळी आम्ही चुलीवर पहिली चपाती भाजली ती त्या अनोळखी माणसाच्या नावाने बाजूला ठेवली. त्या गावाचे नाव मी मुद्दाम विचारून वहीत लिहून ठेवले. का लिहिले, ते मला तेव्हा सांगता आले नसते.

पुढे पावसाळी दिवसांत आम्ही एका नदीच्या काठी होतो. पलीकडच्या काठावर आमची एक तुकडी खंदकात होती. तिला रोज दिवस मावळायच्या आत डाळ आणि चपात्यांचे डबे खेचरावर लादून, लाकडी पुलावरून पोहोचवावे लागत. मी आणि केरबा पाळीपाळीने जात असू. एके दिवशी पाळी माझी होती. सकाळपासून पलीकडे गोळे पडत होते. मी पोट धरून बसलो आणि म्हणालो, "केरबा, आज कळ येतीया रे." कळ नव्हती. भीती होती. केरबाने एकदा माझ्याकडे पाहिले, खेचराचा दोर घेतला आणि गेला. तासाभरात पूल उडाला. खेचर खाली दोन मैलांवर वाळूत मरून पडलेले मिळाले, डबे मिळाले, केरबा मिळाला नाही. कागदावर त्याच्या नावापुढे बेपत्ता असा शेरा पडला. मी मात्र मनात त्याला मेलेलाच धरले. नदीचे ते पाणी मी पाहिले होते.

महिन्याने हौसाकाकीचे पत्र आले, शाळामास्तरांच्या हातचे. सरकारी कागद पोहोचला होता. तिने लिहवले होते, की बेपत्ता म्हणजे काय ते मला कळत नाही, पण तू तिथे होतास, तर त्याचे जे काही असेल ते घेऊन ये, म्हणजे कृष्णेला तरी लागेल. ते पत्र मी किती वेळा वाचले असेन. त्याच सुमारास मला हिवतापाने धरले आणि पुढे कायमची रजा देऊन परत पाठवले. आगबोटीवर पिशवी उशाला घेऊन पडलो असता तो विचार मनात आला. या हाडांना कोणी नाही आणि केरबाचे काही उरलेले नाही. म्हातारीचा जीव शांत होईल, या अनाथालाही कृष्णेचे पाणी मिळेल. पापाला असे पुण्याचे कपडे घालून मी त्याला घरापर्यंत आणले. खरी गोष्ट एवढीच होती, की रिकाम्या हाताने काकीपुढे उभे राहण्याची मला हिंमत नव्हती. रिकामा गेलो असतो तर तिने सगळे विचारले असते, आणि पाळी कोणाची होती हेही विचारले असते.

पुरचुंडी पंधरा दिवस काकीच्या परसातल्या लिंबाला टांगलेली होती. मग भटजींनी दिवस काढून दिला आणि काकी व मी कऱ्हाडला संगमावर गेलो. केरबाला मूल नव्हते, भाऊ नव्हता. म्हणून क्रिया मीच करायची असे ठरले. घाटावर न्हाव्यापुढे बसून मी मुंडण करून घेतले. डोक्यावरून वस्तरा फिरत होता आणि मला वाटत होते, की आता कवटीच्या आतले सगळे लोकांना दिसेल.

आम्ही बसलो तिथून दहा हातांवर एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून मासे धरत बसले होते. अंगात जुना कोट, डोक्यावर जाडजूड टोपी. भटजी कावले. "अहो, तिकडं जा तिकडं! इथं पिंड पडताहेत आणि तुम्ही मासे काय धरता?"

"भटजीबुवा," ते शांतपणे म्हणाले, "पिंडाला मासेच येतात ना? मी त्यांचीच वाट बघतोय."

हौसाकाकी पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली. पदराआड, पण हसली. भटजींनी मंत्र सुरू केले, मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि पुरचुंडी सोडण्यासाठी गाठ सैल केली. उन्हात ते रेशीम झळकले. लाखेचा एक तुकडा अजून दोऱ्याला चिकटून होता. तोच त्या गृहस्थांनी गळ टाकून दिला आणि बुटांसकट पाण्यात धावत आले.

"सायबा! थांब बाबा, थांब! हें तुला कुठं मिळालं?"

त्यांनी टोपी काढली, कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटे लावली आणि पुरचुंडीतली ती पट्टी उन्हाकडे धरून वाचू लागले. ते मूळचे गोव्याचे, रेल्वेत इंजिन चालवत असत, आणि लहानपणी चर्चात पूजेच्या वेळी पाद्रींच्या हाताखाली सेवेला होते. ती अक्षरे त्यांना अर्धवट लागली. "नाव गेलंय. पण हें बघ, इथं 'संत' आहे. आणि हें 'हुतात्मा'. देवासाठी जीव दिलेला माणूस. सातशे, आठशे वर्षं झाली असतील." मग त्यांनी आम्हाला सांगितले, की त्यांच्या चर्चातल्या त्या दगडी ओट्याला वेदी म्हणतात आणि तिच्या पोटात अशा संताच्या अस्थी रेशमात गुंडाळून, मोहोर करून ठेवतात. त्या तिथे अडकलेल्या नसतात. त्या तिथेच राहायच्या असतात. त्यांच्यावरच रोजची पूजा होते.

ज्या दगडाचे मी चुलाण केले, तो काय होता हे मला तेव्हा कळले. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे उभी होती. त्या गृहस्थांनी अगदी सरळपणे विचारले, "तू कोणाच्या म्हणून सोडत होतास?"

काकी पायरीवर उभी होती. भटजी हातात दर्भ घेऊन थांबले होते. आणखी एक खोटे जिभेवर तयारही होते: हे म्हातारबाबा चुकत असतील, रेशीम सारखे दिसते. मी तोंड उघडले ते तेवढेच बोलायला. पण बाहेर पडले ते खरे. बोलून झाल्यावर मलाच ते ऐकू आले. पडके चर्च, पुरचुंडी, पूल, खेचर, सगळे सांगितले. पाळी माझी होती आणि पोट दुखत नव्हते, हेही सांगितले.

काकी दोन पायऱ्या उतरून पाण्यात आली. "तू त्येला जाळला न्हाईस?"

"नाही काकी."

"मेल्याला बगितलास?"

"नाही."

"कुनी बगितला?"

"कोणीच नाही."

ओल्या हाताची अशी एक थोबाडीत बसली, की माझ्या मुंडण केलेल्या डोक्यात घंटा वाजली. मी दुसरीसाठी गाल पुढे केला. दुसरी आली नाही. डोळे उघडले तर म्हातारी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "आरं मुडद्या! पंधरा दिस मला रडवलंस की रं! माजा केरबा कुनी मेल्याला बगितलाच न्हाई! भटजीबुवा, उठा! तुमचं ते पिठाचं गोळं माशांस्नी घाला. माज्या ल्येकाला लागत न्हाईत ते."

भटजी म्हणाले, "अहो बाई, मेला नाही असं कुठं सिद्ध झालंय?"

"आन मेला असं कुटं झालंय?"

त्या गृहस्थांनी एका ओळखीच्या पाद्रींना पत्र लिहितो म्हणून सांगितले, आमचा पत्ता लिहून घेतला, आणि तोवर पुरचुंडी स्वच्छ जागी ठेवून दिवा लावा म्हणाले. मी त्यांचे नाव विचारायला वळलो तर ते वाहत निघालेल्या गळामागे खाली पळत होते. परतीच्या गाडीची वेळ झाली होती. नाव राहूनच गेले. पण काकी स्टेशनाऐवजी बाजाराकडे वळली आणि कासाराच्या दुकानात शिरली. "हिरव्या दे. दोन डझन. माप माज्या हातापरास थोडं ल्हान." कासाराने तिच्या पांढऱ्या कपाळाकडे आणि माझ्या गुळगुळीत डोक्याकडे आळीपाळीने पाहिले. मग बांगड्या मोजून दिल्या.

घरी सुंदराने सगळे ऐकून घेतले. तिने रागाने माझा जीव घेतला असता तरी मी हूं की चूं केले नसते. ती फक्त म्हणाली, "भाऊजी, आता तरी खरं बोलताय न्हवं? का ह्ये बी मन राखाय?" असा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता आणि यापुढे विचारायची कोणाला गरज पडू नये, एवढेच मी त्या क्षणी देवाजवळ मागितले. मी तिच्यापुढे जमिनीवर हात ठेवून सांगितले, "तो जिवंत आहे हे मला माहीत नाही. तो मेला हेही मला माहीत नाही. एवढंच खरं आहे." तिने बांगड्यांची माळ जवळ ओढली.

संतांना काकीने देवाऱ्यात जोतिबाच्या टाकाशेजारी बसवले. त्यांना ती पावणं म्हणायची. "पावण्यास्नी दिवा लावला का?" हा तिचा रोजचा प्रश्न. गावातले काहीजण कुरकुरले, की मेलेल्याची हाडे देवघरात कशी. काकी त्यांना म्हणाली, "मठात समाधीच्या पाया पडता, तितं खाली काय असतंया? साधूला कोन जाळतं व्हय रं? त्यो बसल्या जागी ऱ्हातो." रेल्वेतल्या त्या गृहस्थांनी तासभर बोलून जे सांगितले ते तिने इतक्या थोडक्यात सांगितले, आणि मला पहिल्यांदा नीट कळले. मी ज्याची सोय लावायला निघालो होतो त्याची सोय शेकडो वर्षांपूर्वीच लागलेली होती. तो ज्या दगडात होता तिथून तो हजारोंची सोय लावत होता. मधे हात घालणारा मी कोण?

पाद्रींचे उत्तर आले, की लढाई संपून वाट खुली होईपर्यंत ठेवा, मी येईन. त्या महिन्यांत मी रोज संध्याकाळी काकीच्या देवाऱ्यापुढे बसू लागलो. सुरुवातीला मी केरबाला मागत असे. मग माझ्या ध्यानात आले, की मी त्यातही सौदा करतो आहे. तो आला तर माझे पाप धुतले जाणार होते. मग मी मागणे सोडून दिले. नुसता बसत असे. तो येवो न येवो, त्या दोघी सुखी राहोत, माझे जे व्हायचे ते होवो. असे खरोखर वाटू लागले, तेव्हा मला बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागले.

आषाढात एक कार्ड आले. कोणा परक्याच्या हातचे, पण खाली केरबाची सही, शाळेत गिरवल्यासारखी. पुरात वाहत तो शत्रूच्या काठाला लागला होता, पाय मोडला होता, कैदेत होता, आणि आता सुटला होता. मास्तरांनी कार्ड वाचून दाखवले. काकीने ते तीनदा वाचायला लावले आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "पावण्यास्नी बी वाचून दावा. त्येंच्याच मुलकातनं आलंय."

दसऱ्याच्या आधी केरबा आला. थोडा लंगडत, पण आला. स्टेशनपासून गावापर्यंत लेझीम होती. बेचाळीसच्या चळवळीपासून खाकी कपड्यांकडे आमच्या भागात कोणी प्रेमाने बघत नसे, पण त्या दिवशी सगळे गाव वाजत होते. मी गर्दीच्या मागे राहिलो. काकीने त्याला देवाऱ्यापुढे नेले, सगळी हकिगत आधीच सांगून झाली होती. त्याने पुरचुंडीपुढे डोके टेकले, मग ओरडला, "तात्या कुटं हायत? आवं तात्या, म्होरं या! मानसात एवढी हाडं असत्यात, आन तुमी माजी तीनच आनलीसा व्हय?"

सगळे घर हसले. मला हसता येईना. मी त्याचे पाय धरायला वाकलो, तर त्याने मला मधेच धरले. "आन म्या जित्ता असताना डोस्कं भादरून घेतलंसा म्हनं. लय चांगलं दिसत व्हतं असं सुंदरा सांगतीया."

"केरबा, त्या दिवशी माझं पोट..."

"ठावं हाय." तो हळू आवाजात म्हणाला. "तीन वरसं एका ताटात जेवलो. तुमचं पोट कवा दुकतंया ते मला कळत न्हाई व्हय? तुमी भ्याला व्हता. म्या बी भ्यालो व्हतो. पर तुमचं वय झाल्यालं, आन मला पवाय येत व्हतं. म्हून ग्येलो. तुमी धाडलं न्हाई मला."

इतके दिवस मी ज्या गोष्टीला माझा गुन्हा म्हणत होतो, ती त्याने मला दिलेली देणगी होती, आणि ते मला माहीतही नव्हते. क्षमा मागायची तयारी मी महिनोन्महिने केली होती. क्षमा त्याने पुलावर पाय ठेवण्याआधीच केली होती.

मार्गशीर्षात पाद्रीसाहेब आले. उंच, गोरे, पुस्तकी मराठी बोलणारे. काकीने त्यांना पुरणपोळी वाढली आणि त्यांनी ती काटेकोरपणे चार घड्या घालून खाल्ली. निघताना सुंदराने आपल्या लग्नातला एक खण पुढे केला. जुने रेशीम माझ्या हातांनी विरले होते. पाद्री म्हणाले, जुने वस्त्र तसेच राहू द्यावे लागते, पण त्यावरून हे गुंडाळता येईल. त्यांनी ते तिच्याच हातून गुंडाळून घेतले. मग ते माझ्याकडे वळले. वहीत लिहून ठेवलेले त्या गावाचे नाव मी त्यांना दिले. अस्थी एका जागेहून दुसऱ्या जागी गेल्या की त्या कशा गेल्या, कोणी नेल्या, याचा कागद लिहून त्यांच्याबरोबर ठेवण्याची रीत आहे, असे ते म्हणाले. तो कागद तुम्ही लिहा, तुमच्या भाषेत.

मी घाबरलो. "साहेब, त्यात मला सगळं खरं लिहावं लागेल."

"म्हणूनच तुम्ही लिहा," ते म्हणाले.

काकीच्या ओसरीवर बसून मी लिहिले. फार नाही, अर्धे पान. वय चोरले इथपासून सुरुवात केली. दगड चुलाणाला लावला, पाळी चुकवली, मायलेकीसारख्या दोघींना फसवले, नदीत उभे असताना माझ्या तोंडून खरे बोलवून घेतले गेले, केरबा आला. खाली नाव घातले. पाद्रींनी त्याची न वाचता घडी केली आणि बरोबर आणलेल्या नव्या डबीत पुरचुंडीखाली ठेवला. पुढल्या वर्षी त्यांचे पत्र आले, की त्या गावात वेदी पुन्हा बांधली, डबी दगडात बसवली आणि वर मोहोर झाली.

तिथे आता रोज सकाळी पूजा होते. गावातल्या कोणालाही मराठी येत नाही, तो दगड कोणी उघडणार नाही आणि माझा कागद कोणी वाचणार नाही. तरी माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट जे काही होते, ते एका संताच्या अंगाखाली, कऱ्हाडच्या बांगड्या ल्यालेल्या हातांनी बांधलेल्या खणाशेजारी आहे, आणि त्यावर फुले वाहिली जातात. माझ्याजवळ ठेवले असते तर मी ते कुठे लपवले असते? ज्याला द्यायचे त्याला देऊन टाकले. आता सकाळी उठतो तेव्हा हात रिकामे असतात, आणि ते जोडायला फार हलके वाटतात.